वर्गात वाचावयाचा श्याम



प्राथमिक शाळेतील मुलांना वाचून दाखवावे असे मराठी पुस्तक कोणते, असा प्रश्न निघाला की साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे नाव विचार करण्यापूर्वीच तोंडी येते, आणि इतक्या सहज तोंडी येणाऱ्या नावाबद्दल थोडा संशय बाळगावा अशी माझी प्रकृती असूनही, या निवडीविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या वाचण्याच्या शिरस्त्याबद्दल. हे पुस्तक आपण मुलांपुढे देव्हाऱ्यातून काढल्यासारखे काढतो, आवाज आधीच सद्गदित करतो, प्रकरण संपताच ‘यावरून काय बोध घ्यावा?’ असा सवाल टाकतो, आणि पुढल्या बाकांवरची हुशार मंडळी ‘आईची आज्ञा पाळावी’ हे ठरलेले उत्तर एका सुरात देऊन मोकळी होतात. श्याम मात्र तेवढ्या अवधीत वर्गातून निसटलेला असतो.

कारण श्याम हा आज्ञाधारक मुलगा नव्हेच. पोहायला जायचा दिवस उजाडला की तो माळ्यावर लपून बसतो आणि आईच्या शिंपटीचा प्रसाद मिळाल्यावाचून विहिरीकडे पाऊल टाकीत नाही. पत्रावळ लावता येत नाही म्हणून कोणी हसले की रुसतो. न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून प्रत्यक्ष आईला तिच्या लुगड्याचा ओचा धोंडीवर पसरायला लावतो. पुस्तकाच्या मोहाने दुसऱ्याच्या पैशांना हात घालतो. हट्ट, भीती, रुसवा, लोभ आणि मागाहून होणारा पश्चात्ताप, हे सारे आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या नित्य व्यवहारातले ऐवज आहेत. आणि ते एका छापील पुस्तकात, तेही शिक्षकाच्या तोंडून, उघडपणे ऐकायला मिळतात तेव्हा मागच्या बाकावरचा, ज्याच्या नावापुढे हजेरीपटात नाना शेरे पडलेले असतात तो मुलगा मान वर करतो. त्याला श्याम आपल्यातला वाटतो. त्या क्षणी ‘बोध काय’ असे विचारणे म्हणजे त्याला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय.

वाचून दाखविण्याचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण पुस्तकाच्या घडणीतच आहे. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयातील मुलांत रमलेले होते. पुढे सत्याग्रहाच्या काळात नाशिकच्या तुरुंगात असताना, 1933 च्या फेब्रुवारीत अवघ्या चार-पाच दिवसांत, त्यांनी हे लेखन हातावेगळे केले आणि 1935 साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. याला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली प्रार्थना आटोपल्यावर श्याम मित्रांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, अशी ही योजना. बेचाळीस रात्री, आठवड्याला एक धरली तर शालेय वर्ष सरत येईपर्यंत पुरतात. कथा कानांसाठीच बांधलेली असल्यामुळे वाचणाऱ्याने निराळा अभिनय करण्याची गरज नाही, आणि रडण्याची तर मुळीच नाही.

अडते ते वस्तूंपाशी. पालगडच्या त्या कोकणी घरातले सोवळे, खोताची मिजास, सावकाराचा तगादा यांतले पुष्कळसे आजच्या मुलांना परके आहे. पण शब्दार्थ फळ्यावर लिहून काम भागत नाही. पत्रावळीची रात्र वाचावयाची असेल तर आदल्या दिवशी पळसाची वा वडाची पाने आणि चोया वर्गात आणाव्यात आणि ज्याची पत्रावळ त्याने लावावी. पान देठाकडून कसे धरावे, चोय एका पानातून घालून दुसऱ्यातून कशी वर काढावी आणि उरलेला तुकडा नखाने कसा खुडावा, हे करू लागताच निम्म्या वर्गाची पाने फाटतात, टाक्यांतून भोके डोकावू लागतात, आणि बहुधा ज्या मुलीची आई मोलमजुरीला जाते तिच्याच हातून वाटोळी, घट्ट पत्रावळ उतरते. त्यानंतर श्यामच्या रुसव्याचे स्पष्टीकरण कोणाला द्यावे लागत नाही.

मात्र एका रात्रीपाशी शिक्षकाची खरी कसोटी लागते. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. तिला हात लावायला कोणी धजत नाही. तेव्हा आई श्यामला पाठवते, आणि मोळी उचलून दिल्यावर घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते. त्या काळच्या मानाने ते कृत्य केवढे धाडसाचे होते हे आपण प्रौढ माणसे जाणतो. पण वर्गात असा एखादा मुलगा बसलेला असतो, ज्याची आजी त्या म्हातारीच्याच वस्तीतली असू शकते, आणि तो सरळ विचारतो, ‘मग आंघोळ कशाला?’ या प्रश्नाला ‘पुढे वाचू या’ असे म्हणून बगल देणारे शिक्षक मी पाहिले आहेत. माझ्या मते तेथे पुस्तक मिटून बोलावे. आईची करुणा खरी होती आणि तिच्या अंगवळणी पडलेली शिवाशिवही खरीच होती, हे मुलांना समजते; आपण समजतो त्याहून चांगले समजते. आणि याच आईच्या हाताखाली वाढलेल्या लेखकाने 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले, ही हकीकत तेथेच सांगावी. आंघोळीच्या प्रश्नाला लेखकाने स्वतः दिलेले ते उत्तर आहे.

आईच्या शेवटच्या आजाराच्या आणि मरणाच्या रात्री तिसरीच्या वर्गात मोठ्याने वाचू नयेत, असे माझे मत आहे. वर्गात एखादे पोरके मूल असते, आणि त्याचे दुःख सर्वांसमक्ष चाळविण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेथवर आल्यावर पुस्तक कुलूपबंद कपाटात न ठेवता टेबलावर ठेवावे. ज्याला पुढचे वाचावयाचे असेल तो ते घरी नेईल. प्रत परत आली नाही किंवा पाने सुटून आली तर दप्तरी ‘जीर्ण’ असा शेरा मारून नवीन प्रत मागवावी, आणि तपासणीसाहेबांनी विचारणा केली तर नाव माझे सांगावे.