गुणसूत्रांच्या टोकांशी



तापाने फणफणलेलं पोर आईच्या मांडीवर आहे. आशाताई त्याच्या बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब किटवर ठेवतात, द्रावण सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटं वाट पाहतात. गडचिरोलीतल्या कितीतरी घरांनी हे पाहिलंय. फाल्सिपेरमच्या खुणेसमोर रेघ उमटली, की गोळ्या सुरू. ही रेघ उमटते कशामुळे?

फाल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला: १४ गुणसूत्रं, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं, ५,३०० च्या आसपास जनुकं. डीएनएची अक्षरं चारच. त्यातही इथे शंभरातली ऐंशी ‘ए’ किंवा ‘टी’. गुणसूत्राच्या टोकाकडे जावं, तर तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा येतो. कुठे सात अक्षरांचा, कुठे एकवीस अक्षरांचा. अशा डीएनएला निरुपयोगी म्हणण्याची सवय होती. मला ते मुळीच पटत नाही. टोकं अशी एकसारखी, म्हणूनच ती पेशीकेंद्रकाच्या कडेला घोळक्याने जवळ येतात आणि वेगवेगळ्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. तिथेच ‘व्हार’ नावाची बरीचशी जनुकं आहेत. एकूण साठेक, पण एका वेळी वापरात एकच. त्याचं प्रथिन तांबड्या पेशीवर येतं आणि ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते. प्लीहेच्या तावडीत सापडत नाही. शरीराने ते प्रथिन ओळखेपर्यंत काही परजीवींनी दुसरं जनुक काढलेलं असतं.

किटवर जे प्रथिन शोधतात, त्याचं जनुकही आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळच आहे. प्रथिनात हिस्टिडिन आणि अलानिन यांची पुनरावृत्ती भरपूर, त्यामुळे किटवरच्या प्रतिपिंडांना धरायला जागा पुष्कळ मिळतात आणि थोड्या रक्तातही रेघ उठते. मात्र टोकाजवळचा तुकडा गळूनही पडू शकतो. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात हे जनुकच नसलेले परजीवी सापडल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालं. पुढे आफ्रिकेत इरिट्रियातही ते आढळले. जनुक गेलं तरी परजीवी जगतो, रुग्णाला ताप आणतो, आणि किटवर मात्र रेघ उमटत नाही.

तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे. किटने ‘नाही’ म्हटलं आणि ताप हटत नसेल, तर घरी थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन काचपट्टीवर रक्त तपासून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी स्वतःच दिसतो. ते जनुक असो वा नसो.