घरबसल्या संशोधन : काय मिळाले, काय उरले



मी इतिहासाच्या जुन्या कागदांवर काम करतो. हे काम गेल्या वीस वर्षांत किती पालटले, एवढेच आज सांगतो.

वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले. आमच्या उमेदवारीत असा खंड पाहायला पुणे गाठावे लागे आणि हवा तो मजकूर वहीत उतरवून घ्यावा लागे. आज त्यांतले बरेच खंड घरी पडद्यावर उघडतात. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. आपल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येतात.

पण संगणकावर आले म्हणजे सर्वांना खुले झाले, असे नव्हे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये ठेवले आहेत. सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळतात. सोय मोठी आहे. पण निवृत्त शिक्षक किंवा गावाचा इतिहास लिहिणारा आपला एखादा मित्र तिच्याबाहेरच राहतो. खुल्या नियतकालिकांना वाचकाच्या ओळखपत्राची गरज नसते. मात्र त्यांतली काही लेखकाकडूनच शुल्क घेतात, आणि ते कधी लाखाच्या घरात जाते. वाचकाची अडचण मिटते, लेखकाची सुरू होते.

शोधयंत्रालाही मर्यादा आहेत. ‘गाव’ शोधले तर जुन्या छपाईतला ‘गांव’ निसटू शकतो. असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी काढले. मोडीत तर शब्द सुटे लिहीत नसत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नसत. यंत्राला काय विचारायचे, हे माणसालाच ठाऊक असावे लागते. जुनी पुस्तके वर्गात मोठ्याने वाचून घेणाऱ्या आपल्या मराठीच्या बाईंचे ऋण मला तिथे जाणवते.

म्हणून एक विनंती. घरात मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका. चांगल्या उजेडात पानापानाचे फोटो काढा; कागद कोणत्या गावचा, कोणाच्या घरचा, हे सोबत लिहा. वाचणारा आज नाही तर उद्या भेटेल. कागदच गेला, तर त्याला वाचायला काय देणार?