न थांबणारा टाळ

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली की दिघी, कळस करत सकाळी आमच्या विश्रांतवाडीत येते. मुक्काम आमच्याकडे नसतो, तो पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. आमच्या वाट्याला येतात ते चार-पाच तास. पण त्या चार-पाच तासांसाठी आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाची महिनाभर धावपळ चालते.

मी या मंडळाचा सल्लागार. म्हणजे वयामुळे ज्याला काढता येत नाही आणि काम सांगता येत नाही, असा माणूस. २०२३ साली मात्र मला काम सांगितलं गेलं. पहाटे पाचला जाऊन मी सवयीनं खुर्ची धरली, तर त्या वर्षी व्यवस्था पाहणारी मुलगी म्हणाली, ''काका, खुर्च्या पाय दुखणाऱ्या माउलींसाठी आहेत. तुम्ही पेले विसळायला बसता का?'' कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असेल ती. ओढणी कमरेला खोचलेली, तोवर पाण्याची दोन पिंपं स्वतः भरून झालेली. मी मुकाट्यानं बसलो.

विसळता विसळता मी विचार करत होतो, या मुलीच्या हातात आहे काय? तिला कुणाचा पगार कापता येत नाही, मेमो देता येत नाही, बदली करता येत नाही. पोरं उद्या आली नाहीत तर नाही आली. तरी तीस-चाळीस पोरं तिचं ऐकत होती. एक कारण उघड होतं: सर्वांत कंटाळवाणं काम ती आधी स्वतः उरकायची. दुसरं कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिसलं. मंडळाच्या फलकावर हिशेब लागला. वर्गणी किती, केळी किती डझन, पायांना चोळायला तेल किती, शिल्लक तीनशे चाळीस रुपये. आदल्या वर्षी हा हिशेब लागायला महिना गेला होता, आणि पुढच्या वेळी दोन घरांनी वर्गणीला दारच उघडलं नव्हतं. त्या दोन्ही दारांबाहेर ती उभी होती.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. रस्त्याच्या कडेला एका चेंबरचं झाकण मे महिन्यात फुटलं. पालखीच्या दिवशी अंधारात कुणाचा पाय गेला तर? मुलं अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली. तिथं कळलं, रस्ता एका खात्याचा आणि चेंबर दुसऱ्या. दुसरीकडे कळलं, साहेब नवीन आहेत, पाहणी करतील. तिसऱ्या फेरीला आधीचा अर्जच सापडेना. कुणी उद्धट बोललं नाही, हे आवर्जून सांगतो. प्रत्येक जण आपल्या टेबलापुरता बरोबरच होता. शेवटी मुलांनी दोन बांबू रोवले, लाल कापड बांधलं आणि एक मुलगा पहाटेपासून शेवटची दिंडी जाईपर्यंत तिथं उभा राहिला. त्याचा चहाही तिथंच पोहोचत होता. झाकण बसलं दिवाळीनंतर.

कायदा नाही म्हणावं, तर तसंही नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा बदल्यांचा आणि दिरंगाईला आळा घालणारा कायदा आहे. एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं तो सांगतो. २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदाही आहे. फाइल कुठल्याच टेबलावर फार थांबत नसेलही, पण टेबलं मोजली तर पावसाळा निघून जातो.

अशा वेळी माणूस नगरसेवकाकडे जातो. पण पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं ७४ वी घटनादुरुस्ती म्हणते. प्रत्यक्षात आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले, आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक कार्यक्षम असेलही. पण वर्गणीला आमचं दार वाजवायची वेळ त्याच्यावर येत नाही.

इथं मला वारीतलीच एक रीत आठवते. पालखीसोहळ्याला शिस्तीचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाजआरती असते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, पाण्याची म्हणा, जागेची म्हणा, तर त्या दिंडीचा टाळ थांबत नाही. तेवढा एकच खणखणत राहतो. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय ते ऐकून घेतात आणि सर्वांसमोर सांगतात. हरवल्या-सापडल्याच्या वस्तूही तेव्हाच पुकारल्या जातात. तक्रार ऐकल्यावाचून आरती पुढे सरकत नाही.

आमच्या चेंबरचा टाळ सहा महिने वाजत होता, आणि बाकी सगळी आरती यथासांग चालू होती.

आता थोडं मंडळाविरुद्ध बोलतो, नाहीतर मंडळाचा सल्लागार म्हणून एकांगी ठरेन. आमचं काम वर्षातल्या एका सकाळचं, शिवाय आवडीचं. ड्रेनेज तीनशे पासष्ट दिवस वाहतं आणि ते कुणाच्या आवडीचं नसतं. आम्ही एकदा हौसेनं मुलांसाठी अभ्यासिका काढली. आठ महिन्यांत बंद पडली, कारण रोज सकाळी सहाला कुलूप उघडणार कोण? अशा कामाला पगारी माणूसच लागतो. आणि मंडळं तरी सगळी कुठं धुतल्या तांदळासारखी असतात? कोपऱ्याकोपऱ्यावर फ्लेक्स लावून खाली स्वतःचे चार फोटो छापणारा 'आधारस्तंभ' प्रत्येक भागात सापडेल. उलट पालखी गेल्यावर रस्ता झाडायला उतरलेल्या सफाई कामगार बाया आमच्या कुठल्याही कार्यकर्त्यापेक्षा कमी राबत नव्हत्या. त्यांचा हात चालतो तितक्या वेगानं वरची सही चालत नाही, एवढंच.

चेंबरपाशी उभा राहिलेला तो मुलगा पुढे परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागला. मध्यंतरी पेढे घेऊन आला होता. मी थट्टेनं विचारलं, ''काय रे, आता तूही पाहणी करणार का?'' तो हसला नाही. म्हणाला, ''काका, माझ्याकडे आलेली फाइल मी चौथ्या दिवशी पुढे पाठवतो. पुढचे साहेब विचारतात, एवढी घाई कशाला? आणि ती कुणाच्या गल्लीची आहे, हे फाइलवर बघून मलाही कळत नाही.'' मला काही उत्तर सुचलं नाही.

पुढच्या पालखीला त्यानं रजा टाकली. पहाटे आला तेव्हा मी पेले विसळत होतो. त्या मुलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याच्या टँकरची नळी त्याच्या हातात दिली.