मुखत्यारपत्र वाचून सही करा



आपली टपालपेटी आता दूरच्या संगणकांवर असते. तिथली पत्रं आपण तर उघडतोच, पण आपल्या वतीनं काही प्रोग्रॅमही उघडतात. कुठला बिलं वेगळी काढतो, कुठला भेटीच्या वेळा दिनदर्शिकेत टिपतो. आमच्या छोट्या अनियतकालिकाकडं येणाऱ्या कविताही असाच एक प्रोग्रॅम जमा करतो. प्रश्न असा, की या कारकुनाच्या हाती द्यायचं काय?

पूर्वीची रीत सोपी होती. पासवर्ड सांगून मोकळं व्हायचं. म्हणजे किल्ल्यांचा जुडगाच दिला! ज्यानं फक्त वाचायचं, त्याला पत्रं पुसताही येत आणि आपल्या नावानं धाडताही येत.

यावर 'ओऑथ' नावाची पद्धत निघाली. तिची दुसरी आवृत्ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. हीत प्रोग्रॅमला पासवर्ड कळतच नाही. तो आपल्याला जीमेलच्या किंवा आउटलूकच्या दारात नेतो. तिथं आपण ओळख पटवतो. मग प्रोग्रॅमला काय काय करायचं आहे, त्याची यादी समोर येते. आपण होकार दिला, की त्याला तेवढ्यापुरतं टोकन मिळतं. आपल्याकडं यासाठी जुना शब्द आहे, मुखत्यारपत्र. त्यातला 'मुखत्यार' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द आपल्या कोर्टकचेऱ्यांत मुरला आहे. कुलमुखत्यारपत्र वेगळं आणि एका कामापुरतं दिलेलं वेगळं, हे शेतीवाडीचे व्यवहार केलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

पण न वाचता सही केली, तर मुखत्यारपत्रही घात करतं. ३ मे २०१७ रोजी अनेकांना ओळखीच्या माणसाकडून ईमेल आली. दुव्यावर टिचकी मारताच गूगलचंच खरं पान उघडलं. 'गूगल डॉक्स' असं नाव घेतलेला एक परका प्रोग्रॅम तिथं पत्रं वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागत होता. होकार मिळताच तो पुढच्या ओळखीच्यांना पत्रं धाडू लागला. गूगलनं तासाभरात तो रोखला. पासवर्ड कुणाचाच चोरला नव्हता. सही लोकांनी आपणहून केली होती.

कार्यालयांत जोखीम याहून मोठी. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत एक परवानगी माणसाच्या वतीनं दिली जाते. दुसरी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नावे असते आणि तिला मर्यादा घातली नाही, तर ती संस्थेतल्या प्रत्येक पेटीला लागू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये शिरलेल्या हल्लेखोरांना जादा अधिकार असलेला एक जुना, चाचणीचा प्रोग्रॅम सापडला. त्याच्या आधारानं ते वरिष्ठांच्या पत्रांपर्यंत पोचले. जुनं मुखत्यारपत्र जिवंत राहिलं होतं.

म्हणून होकारापूर्वी यादी वाचा. प्रोग्रॅम नुसता वाचणार, की पाठवणार आणि पुसणारही? कामापुरतंच मागतो आहे ना? आणि अधूनमधून खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन दिलेल्या परवानग्या तपासा. नको त्या काढून टाका.

आमच्या प्रोग्रॅमला फक्त वाचनाची मुभा आहे. जीमेलमध्ये ती एका कप्प्यापुरती देता येत नाही, सगळ्या पेटीला लागू होते. त्यामुळं कवितांसाठी आम्ही पत्ताच वेगळा ठेवला आहे. पेटी माझी असली, तरी तिच्यातली पत्रं दुसऱ्यांनी लिहिलेली असतात. कुणी पहिलीवहिली कविता पाठवतो, सोबत घरचं दुःखही लिहितो. तो विश्वास त्यानं माझ्यावर ठेवलेला असतो. तो परस्पर दुसऱ्याच्या हवाली करण्याचा अधिकार मला कुणी दिला?