जीव घाबरता

(रेडी येथे गावातल्या महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कायद्याचं नंतर बोलू. आधी माझ्या सासूबाईंचं सांगते.

पावसाळ्यातली पहाट होती. सासूबाई 76 वर्षांच्या. अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "माझो जीव घाबरता गो." अंगाला दरदरून घाम, एक उलटी. नवरा मुंबईला नोकरीत. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून मी त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेलं.

तिथं पहिला प्रश्न, "छातीत दुखतं का?" त्या म्हणाल्या, "नाय." डॉक्टर तरुण, बाहेरगावचे. 'जीव घाबरता' म्हणजे म्हातारी भ्यायली आहे, असं त्यांना वाटलं. "वय झालंय, पित्त असेल," असं म्हणून आम्हाला बाकावर बसवलं. ईसीजी निघाला तो दुपारी. तेव्हा कळलं, हृदयविकाराचा झटका आहे.

खाट मिळाली ती बोळात. रात्रभर डोक्यावर दिवा. चष्मा पिशवीत, कवळी रुमालात. मला बाहेर थांबायला सांगितलं. रात्री त्या असंबद्ध बोलू लागल्या, वारलेल्या सासऱ्यांना हाका मारू लागल्या, सलाईन ओढू लागल्या. सकाळी आत गेले तर दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले. "म्हातारचळ आहे," असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, "परवापर्यंत या बाई घरचा सगळा हिशेब तोंडी सांगत होत्या." ते कुणी लिहून घेतलं नाही.

हे सगळं पुढं मी समजून घेतलं, म्हणून आज सांगते. उतारवयात, त्यातही बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना, छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. घाम, उलटी, धाप, एकाएकी गळून जाणं, एवढंच दिसतं. न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. आणि एका दिवसात आलेला भ्रम हा म्हातारचळ नव्हे. आपल्याकडं त्याला 'वात झाला' म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, साखर उतरणं, लघवी अडणं, एखादं औषध, पाणी कमी पडणं, अशी कारणं त्यामागं असतात. कारण शोधून उपचार केले तर बरेचदा तो उतरतो. वात झालेलं प्रत्येक माणूस आरडाओरडा करतं असंही नाही. काही जण गप्प पडून राहतात, मग त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही. चष्मा, कानाचं यंत्र, ओळखीचा चेहरा आणि रात्री अंधार, एवढ्यानंही फरक पडतो. बांधून ठेवल्यानं भ्रम वाढतो.

हा प्रश्न बायकांचा का? 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. पुरुष मुंबईला, घरात म्हातारी आणि सून. तिला घेऊन शिरोड्याला, वेंगुर्ल्याला, ओरोसला धावायचं ते सुनेनं, नाहीतर तेरेखोलपलीकडं गोव्यात बांबोळीला. 2018 साली तिथं गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात आंदोलन झालं ते उगाच नाही. रुग्णालयाला आपण कशाला हव्या असतो? बेडपॅन द्यायला, कूस बदलायला, औषध आणायला. हे काम फुकट घेतात, पण "ही काल अशी नव्हती" ही आपली माहिती घेत नाहीत. आणि जिच्यामागं सूनही नाही, लेकही नाही, तिच्या वतीनं बोलायचं कुणी?

दोष परिचारिकांवर टाकू नका. त्याही बायकाच आहेत, आणि एकीच्या वाट्याला किती खाटा येतात ते मी पाहिलंय. माणसं वाढवा, ही मागणी त्यांचीही आहे आणि आपलीही.

आता कायदा. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य. 1996 साली पश्चिम बंगालच्या शेतमजूर समितीच्या खटल्यात म्हटलं, सरकारी रुग्णालयानं वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 20 मध्ये सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतो खाटा आणि वेगळी रांग सांगितली आहे. रांग आहे का, हे आपण जाऊन पाहायचं. नसेल तर लेखी मागायची.

आपण काय करायचं? प्रत्येक म्हातारीच्या उशाशी एक कागद ठेवा: आजार, औषधं, कुठलं औषध सोसत नाही, ऐकू येतं का, एरवी चालते-बोलते कशी. वाडीवाडीत दोघीजणी ठरवा, एकट्या बाईबरोबर जायला. 108 ला फोन करा. आणि तिथं ठासून सांगा, "जीव घाबरता म्हणजे भीती नव्हे. ईसीजी काढा."

सासूबाई अकराव्या दिवशी घरी आल्या. पाठीला जखम घेऊन आल्या. पुन्हा विहिरीपर्यंत काही गेल्या नाहीत. भ्रम उतरला, पण बांधल्याचं लक्षात राहिलं होतं. एक दिवस मला विचारलं, "तू माका बांदलंस कित्याक गो?"

मी बांधलं नव्हतं. पण त्या रात्री मी दाराबाहेर उभी होते आणि आत जायचा हट्ट धरला नव्हता. तुम्ही धरा.