वादळाचा माग

हवाना येथील बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेची सूत्रे १८७० साली फादर बेनितो विन्येस या जेझुइट धर्मगुरूंकडे आली. हाताशी साधने ती काय? एक वायुभारमापक, थोडी इतर उपकरणे आणि डोक्यावरचे आकाश. परंतु अतिउंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे ढग वादळाच्या केंद्रापासून बाहेर फाकत जातात, आणि ते जेथून फाकलेले दिसतात त्या दिशेवरून केंद्राचा ठाव लागतो, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून ताडले. ११ सप्टेंबर १८७५ रोजी वृत्तपत्रांतून त्यांनी दिलेला इशारा खरा ठरला. अशा वादळांना 'सायक्लोन' हे नाव मात्र आपल्या कलकत्त्यात मिळाले. हेन्री पिडिंग्टन यांनी ते १८४८ सालच्या आपल्या ग्रंथात योजले.

विन्येस १८९३ साली वारले. त्यांची विद्या मागे उरली, पण ऐकणारे उरले नाहीत. १९०० च्या सप्टेंबरात एक वादळ क्युबावरून पुढे सरकले. ते पश्चिमेकडे टेक्सासच्या रोखाने जाईल, असे हवानाच्या निरीक्षकांचे मत होते. अमेरिकेच्या हवामान खात्याने ते उत्तरेस फ्लॉरिडाकडे वळेल असे ठरवून टाकले होते. इतकेच नव्हे, क्युबातून येणाऱ्या हवामानविषयक तारांवर त्याच सुमारास बंदी घालण्यात आली होती. ८ सप्टेंबरला समुद्र गॅल्व्हस्टन शहरात शिरला. त्या बेटावरील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीहून नऊ फुटांपेक्षाही कमी, आणि पाणी चढले सुमारे पंधरा फूट! निदान सहा हजार माणसे गेली. खात्याची अहंता एवढी महाग क्वचितच पडली असेल.

पुढे २७ जुलै १९४३ रोजी त्याच गॅल्व्हस्टनजवळ जोसेफ डकवर्थ या लष्करी वैमानिकाने एक इंजिनाचे शिकाऊ विमान वादळाच्या डोळ्यात नेले आणि सुखरूप परत आणले. त्यानंतर विमानातून वादळ मोजणे हे नित्याचे काम झाले. आज विमानातून लहानशा छत्रीला बांधलेले यंत्र खाली सोडतात. ते पडता पडता वायुभार, तापमान, आर्द्रता आणि वारा कळवीत जाते. १९६० पासून उपग्रहांचा डोळाही वर लागला.

अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात. खरा जोर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो. आफ्रिकेवरून पश्चिमेस निघालेल्या हवेच्या लाटा साडेसव्वीस अंशांहून उबदार समुद्रावर आल्या, आणि वरच्या थरांतील वाऱ्यांनी त्या विस्कटल्या नाहीत, तर एखादीचे वादळ बनते. वारा ताशी ६३ किलोमीटरांवर गेला की त्याला नाव मिळते. ११९ झाला की ते 'हरिकेन'. किनाऱ्याला धोका असला, की मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र निदान दर सहा तासांनी पत्रक काढते.

त्याबरोबरच्या नकाशावर पुढे रुंदावत जाणारा एक शंकू असतो. केंद्र कोठवर भरकटू शकेल, एवढेच तो सांगतो. वादळाचा घेर त्यात येत नाही. तरीही शंकूबाहेर घर असलेला माणूस बहुधा सामान बांधीत नाही. म्हणून २०१७ पासून हे केंद्र किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा इशारा निराळा देऊ लागले आहे.