मूळ प्रत आणि कामाची प्रत

शिंप्याकडे नवें पोलकें शिवावयास टाकतांना घरांतील बाई मापासाठीं अंगाला नीट बसणारें एक जुनें पोलकें बरोबर देते. शिंपी त्या मापाच्या पोलक्यावर कात्री चालवीत नाहीं. तें समोर ठेवून तो नवें कापड बेततो. बाही लांब हवी असो कीं गळा खोल हवा असो, फेरफार नव्या कापडांत होतो आणि जुनें पोलकें जसेंच्या तसें परत येतें. नवें बिघडलें तरी माप शिल्लक राहतें. ही साधी शिस्त आजच्या मोठ्या कचेऱ्यांत पुष्कळदां पाळली जात नाहीं, आणि तेथें होणारें नुकसान वारभर कापडाचें नसतें.

मोठ्या कंपनींतील एखादा नोकर काम सोडून गेला, कीं त्याच्या मागें अनेक कामें ओळीनें करावीं लागतात. त्याचें संगणकावरील खातें बंद करावयाचें, दाराचा पास रद्द करावयाचा, दिलेला लॅपटॉप परत घ्यावयाचा. पूर्वीं अशा कामाची टिपणी कारकुनांच्या हातून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असे. आतां ती संगणकांतून आपोआप फिरते. या साखळीला वर्कफ्लो म्हणतात. फ्रेड लडी यांनीं २००४ सालीं अमेरिकेंत स्थापिलेली सर्व्हिसनाऊ ही अशीं साधनें पुरविणारी एक प्रमुख कंपनी होय. २०१८ सालच्या किंग्स्टन आवृत्तीबरोबर तिचें फ्लो डिझायनर हें साधन आलें आणि फारसा प्रोग्रॅम न लिहितांही साखळी जोडणें शक्य झालें. पुण्याच्या हिंजवडींत बसून दूरदेशींच्या कंपन्यांसाठीं हेंच काम करणारे तरुण श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरांत असतील.

यांतील अनेक साखळ्या तयार स्वरूपांतच मिळतात. वर्षांतून साधारणतः दोनदां नवी आवृत्ती निघते. अॅस्पेनपासून झुरिकपर्यंत या आवृत्त्यांना वर्णानुक्रमानें स्थळांचीं नांवें दिलीं गेलीं. नवी आवृत्ती चढवितांना यंत्र एक नियम पाळतें: ग्राहकानें ज्या वस्तूंत स्वतः बदल केला असेल, तिला हात लावावयाचा नाहीं. ती वगळली जाते, आणि वगळलेल्या वस्तूंची यादी तयार होते. नियम वाजवी आहे. ग्राहकाची मेहनत पुसली जाऊं नये एवढाच त्याचा हेतु. परंतु त्याची दुसरी बाजू अशी, कीं ज्या मूळ साखळींत एकदां बदल झाला, तिला पुढील दुरुस्त्या आपोआप मिळत नाहींत. यादी लांब असते, ती वाचण्यास वेळ लागतो, आणि जें वाचावयाचें राहतें तेंच पुढें नडतें.

समजा, एका अधिकाऱ्यानें खातें बंद करणाऱ्या मूळ साखळींतच खातेप्रमुखाच्या संमतीची एक पायरी घातली. तीन महिने काम सुरळीत चाललें. मग तो अधिकारी बदलून गेला. नव्या आवृत्तींत त्या साखळींतील एक दोष दुरुस्त होऊन आला, पण येथें तो पोंचला नाहीं. पुढें खातेप्रमुख रजेवर असतांना टिपणी त्यांच्याच टेबलावर पडून राहिली, आणि सोडून गेलेल्या माणसाला पगाराचे कागद आठवडाभर उघडतां येत राहिले. चूक यंत्राची कीं माणसाची, हें ठरविण्यास समोर मूळ साखळीही उरली नव्हती.

म्हणून आधीं प्रत करावी. फ्लो डिझायनरमध्यें साखळीची प्रत करण्याची सोय आहे. प्रतीला वेगळें नांव द्यावें लागतें, आणि ती चालू केल्याखेरीज स्वतः चालत नाहीं. नांव असें असावें कीं प्रत कोणाची, कशासाठीं व कोणत्या मूळावरून केली, हें वाचतांच कळावें.

तथापि प्रत केली म्हणजे धोका टळला असें नाहीं. तीन ठिकाणीं पाय घसरतो. पहिलें, मूळ व प्रत दोन्ही चालू राहिल्या आणि दोघींना सुरू करणारें निमित्त एकच असलें, तर दोन्ही धांवतात. एकाच मागणीच्या दोन टिपण्या निघतात. दुसरें याच्या उलट: मागणीच्या अर्जाला मूळ साखळीच जोडलेली राहिली, तर प्रत कितीही सुंदर असो, ती कोणी हांकच मारीत नाहीं. तिसरें सर्वांत फसवें. साखळींतून बोलावल्या जाणाऱ्या उपसाखळ्यांची प्रत होत नाहीं. प्रतही त्याच जुन्या उपसाखळीला बोलावते. प्रतीच्या भरंवशावर कोणी ती उपसाखळी बदलली, तर तिच्यावर अवलंबून असलेलीं दुसरीं कामेंही नकळत बदलतात. ज्या उपसाखळीला हात लावावयाचा, तिचीही प्रत हवी.

चाचणीविषयींही एक गैरसमज आढळतो. चाचणीचें बटन म्हणजे नाटकाची तालीम नव्हे. तें दाबलें कीं पायऱ्या खरोखर चालतात. नोंदी होतात, पत्रें जातात. यासाठींच प्रत्यक्ष कामाच्या यंत्रणेहून निराळी अशी चाचणीची यंत्रणा ठेवतात. बदल तेथें पारखावा, आणि मगच अपडेट सेटमध्यें बांधून कामाच्या यंत्रणेंत न्यावा. त्या घडीला जीं कामें अर्धवट झालेलीं असतात, तीं जुन्या रूपानेंच पुरीं होतात, हेंही ध्यानांत ठेवावें. नाहींतर नवी पायरी दिसत नाहीं म्हणून विनाकारण घबराट होते.

प्रतीचेंही एक ऋण असतेंच. मूळांत पुढें होणाऱ्या सुधारणा प्रतींत आपोआप उतरत नाहींत. प्रत्येक आवृत्तीनंतर मूळ व प्रत शेजारीं ठेवून कोणी तरी ताडून पाहिलें पाहिजे, आणि तो 'कोणी तरी' कोण, हें आधींच ठरलें पाहिजे. फरक एवढाच, कीं येथें ताडून पाहण्यास मूळ शाबूत असतें आणि प्रत फसली तर माघारी फिरण्यास वाट असते. म्हणूनच शहाणा अधिकारी प्रत करण्याआधीं विचारतो, कीं हा बदल खरोखर हवा आहे काय? एखादी सेटिंग बदलून भागत असेल, तर नवी साखळी जन्माला घालून तिचा सांभाळ पत्करण्याचें कारण नाहीं.

बदल हवाच असें ठरलें, तर पहिलें काम प्रतीचें, दुसरें तिच्या नांवाचें आणि तिसरें तिच्या सांभाळाची जबाबदारी एका माणसाकडे सोंपविण्याचें. नवी पायरी घालण्याचें काम त्यानंतरचें. या तिन्ही कामांना मिळून फार तर अर्धा तास लागेल. सोडून गेलेल्या माणसाच्या हातीं कचेरीची किल्ली किती दिवस राहते, हें पुष्कळदां त्या अर्ध्या तासावर ठरतें.